वैमानिक : शिक्षण आणि सज्जता

प्रस्तावना

डोक्यावरून विमान जाऊ लागले की आपली मान आपोआप वर जाते. विमानाने प्रवास करणाऱ्यांनाही वैमानिक क्वचितच दिसतो. ध्वनिक्षेपकावरून त्याचा आवाज तेवढा कानी पडतो. त्यामुळे या व्यवसायाविषयी आपल्या मनात बहुधा दोनच गोष्टी असतात : खांद्यावर सोनेरी पट्ट्या असलेला गणवेश आणि भरघोस वेतन. प्रत्यक्षात नव्या वैमानिकाची पहिली काही वर्षे शिकण्यात, पुनःपुन्हा परीक्षा देण्यात आणि बोलावणे येण्याची वाट पाहण्यात जातात. ही वाट पाहणे म्हणजे रिकामपण नव्हे. तोही त्याच्या कामाचाच एक भाग आहे. तो कसा, हे या पाठात आपण समजून घेणार आहोत.

भारतात दिला गेलेला पहिला वैमानिक-परवाना जे. आर. डी. टाटा यांना १० फेब्रुवारी १९२९ रोजी मिळाला. पुढे १५ ऑक्टोबर १९३२ रोजी त्यांनी कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहू विमानतळावर टपाल आणले आणि भारतातील नियमित हवाई सेवेचा आरंभ झाला. एका इंजिनाचे चिमुकले विमान, त्यात एकच वैमानिक आणि टपालाच्या थैल्या असा तो प्रवास होता. आज एका मध्यम आकाराच्या विमानातून सुमारे १८० प्रवासी जातात आणि विमानकक्षात दोन वैमानिक असतात. जबाबदारी वाढली, तसे शिक्षणही विस्तारले.

१. परवान्यापर्यंतची वाट

प्रवासी विमान चालवून वेतन घ्यावयाचे असेल, तर व्यावसायिक वैमानिक परवाना आवश्यक असतो. आपल्या देशात तो नागरी विमान वाहतूक महासंचालनालय देते. त्यासाठी वयाची १८ वर्षे पूर्ण असावी लागतात. बारावीला भौतिकशास्त्र व गणित हे विषय असावेत, ही अट १९९० च्या दशकाच्या मध्यापासून चालत आली. वाणिज्य किंवा कला शाखेतून बारावी झालेल्या अनेकांनी हे दोन विषय मुक्त विद्यालयातून देऊन ही अट पूर्ण केली आहे. मुक्त शिक्षणाचा हा एक फारसा बोलला न जाणारा उपयोग होय. ही अट शिथिल करण्याचा विचार २०२५ मध्ये पुढे आला. म्हणून प्रवेश घेण्यापूर्वी महासंचालनालयाचा चालू नियम अवश्य पाहावा.

त्यानंतर वैद्यकीय तपासणी होते. दृष्टी, श्रवणशक्ती, हृदय, रक्तदाब या सर्वांची कसून परीक्षा घेतली जाते. शिक्षणशुल्क भरण्याआधीच ही तपासणी करून घेणे शहाणपणाचे ठरते. अन्यथा पैसे भरल्यावर एखादा दोष उघडकीस यावयाचा. ही तपासणी एकदाच होऊन संपत नाही. वैमानिक जितकी वर्षे काम करतो, तितकी वर्षे तिला ठरावीक काळाने सामोरे जावे लागते.

पुढे वर्गातील अभ्यास सुरू होतो. दिशा व मार्ग कसा ठरवावा, हवामानाची चिन्हे कशी ओळखावीत, हवाई नियम कोणते, विमानाची यंत्रणा कशी चालते, या विषयांच्या लेखी परीक्षा असतात आणि उत्तीर्ण होण्यासाठी ७० टक्के गुण लागतात. आपल्याकडे वैशाख अखेरीस दुपारनंतर वळवाचे काळे ढग उभे राहतात. शेतकऱ्याला ते पावसाची आशा दाखवतात. वैमानिकाला मात्र ते वळसा घालून जाण्याची सूचना देतात, कारण त्यांच्या पोटात वर-खाली धावणारे प्रचंड वाऱ्याचे झोत, गारा आणि विजा असतात. एकच ढग, पण पाहणाऱ्याच्या कामानुसार त्याचा अर्थ बदलतो.

वर्गाबरोबरच उड्डाणही चालू असते. परवान्यासाठी एकूण २०० तासांचे उड्डाण पूर्ण करावे लागते. त्यांपैकी १०० तास विद्यार्थ्याने स्वतः विमानाची जबाबदारी घेऊन उड्डाण केलेले असावे लागते. रात्रीचे उड्डाण, केवळ उपकरणांच्या आधाराने केलेले उड्डाण आणि दूरच्या विमानतळांपर्यंतचे उड्डाण यांचाही त्यात समावेश असतो. महाराष्ट्रात गोंदिया, बारामती, धुळे, शिरपूर, नागपूर येथे अशा शिक्षणाची सोय झाली आहे. उत्तर भारतात हिवाळ्यात दाट धुके पडते व उड्डाणाचे दिवस वाया जातात. म्हणून रायबरेलीजवळील इंदिरा गांधी राष्ट्रीय उडान अकादमीनेही आपले विद्यार्थी हिवाळ्यात गोंदियाला पाठविले आहेत.

या शिक्षणाचा खर्च मोठा आहे. तो साधारणतः चाळीस-पन्नास लाख रुपयांच्या घरात, कधी त्याहूनही अधिक होतो. अनेक कुटुंबे त्यासाठी घर किंवा जमीन तारण ठेवतात. परवाना हाती येताच नोकरी मिळेल, अशी हमी कोणीही देऊ शकत नाही. एप्रिल २०१९ मध्ये जेट एअरवेज ही कंपनी बंद पडली, तेव्हा अनुभवी वैमानिकही बेकार झाले. २०२० च्या महासाथीत जगभरची विमाने जमिनीवर खिळून राहिली. म्हणून कर्जाचा हप्ता पगाराविना किती काळ भरता येईल, हा हिशेब आधीच मांडणे आवश्यक आहे.

२. परवान्यानंतरचे शिक्षण

परवाना मिळाला म्हणजे कोणतेही विमान चालविता येते, असे नाही. विद्यार्थ्याने शिकलेले विमान दोन-चार आसनांचे असते. कंपनीचे विमान एअरबस ए-३२०, बोइंग ७३७ किंवा लहान शहरांना जोडणारे एटीआर-७२ असते. म्हणून त्या विशिष्ट प्रकारच्या विमानाचे वेगळे प्रशिक्षण घ्यावे लागते. त्याचा बराचसा भाग सिम्युलेटरमध्ये होतो. सिम्युलेटर म्हणजे हुबेहूब विमानकक्षासारखी खोली. ती यांत्रिक पायांवर हलते, समोर धावपट्टीचे चित्र दिसते आणि प्रशिक्षक हवे ते संकट निर्माण करू शकतो. इंजिनाला आग, चाके न उघडणे, विमानातील हवेचा दाब कमी होणे, असे प्रसंग प्रत्यक्ष विमानात कधी येऊ नयेत, पण आले तर हात थरथरू नयेत, म्हणून येथे ते वारंवार घडवले जातात.

यातील एक उदाहरण पाहू. धावपट्टीवर विमान वेग घेत असताना एक इंजिन बंद पडले, तर थांबावे की उडावे? विचार करण्यास एक-दोन सेकंदच मिळतात. म्हणून प्रत्येक उड्डाणाआधी विमानाचे वजन, धावपट्टीची लांबी, वारा व तापमान पाहून एक निर्णायक वेग काढून ठेवतात. त्या वेगापूर्वी बिघाड झाला तर थांबावयाचे. तो वेग ओलांडला की उर्वरित इंजिनावर उडावयाचेच, कारण आता थांबण्याइतकी धावपट्टी उरलेली नसते. तो क्षण येताच प्रमुख वैमानिक इंजिनाच्या दांड्यावरील हात काढून घेतो. निर्णय संकटाच्या वेळी घेतला जात नाही. तो शांतपणे आधीच घेतलेला असतो. वैमानिकाच्या सगळ्या शिक्षणाचे सार या एका कृतीत आहे.

सिम्युलेटरमधील परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर प्रवाशांविना खरे विमान उडवून व उतरवून पाहावे लागते. त्यानंतर नवा सहवैमानिक प्रत्यक्ष प्रवासी उड्डाणांवर जातो. मात्र शेजारी नेहमीचा नव्हे, तर शिकविण्याचा अधिकार असलेला प्रमुख वैमानिक असतो. आरंभीच्या काही फेऱ्यांत मागच्या आसनावर आणखी एक पात्र वैमानिक बसतो. प्रत्येक फेरीनंतर लेखी अभिप्राय मिळतो. तो कधी बोचरा असतो, परंतु तो व्यक्तीवर नसून कामावर असतो, हे ज्याला लवकर उमगते तो लवकर तयार होतो. अखेरची तपासणी झाली की सहवैमानिक स्वतंत्र कामगिरीस पात्र ठरतो.

तरीही परीक्षा संपत नाहीत. दर सहा महिन्यांनी त्याला पुन्हा सिम्युलेटरमध्ये आपले कौशल्य सिद्ध करावे लागते. प्रमुख वैमानिक होण्यासाठी लागणाऱ्या वरच्या परवान्याकरिता १५०० तासांच्या उड्डाणाचा अनुभव आवश्यक असतो. हा मार्ग स्त्रियांनाही तितकाच खुला आहे. कॅप्टन सौदामिनी देशमुख यांनी १९८५ मध्ये इंडियन एअरलाइन्सचे फॉकर विमान कलकत्त्याहून सिलचरला नेले, तेव्हा त्यांच्या शेजारची सहवैमानिकही स्त्रीच होती. आज भारतातील स्त्री-वैमानिकांचे प्रमाण जगाच्या सरासरीहून बरेच अधिक आहे.

३. सहवैमानिकाचा आवाज

विमानकक्षात दोघे असतात, ते एकाला कंटाळा आला तर दुसऱ्याने चालवावे म्हणून नव्हे. एक विमान चालवितो, दुसरा त्याच्या प्रत्येक कृतीवर लक्ष ठेवतो. चूक दिसली तर ती स्पष्ट शब्दांत सांगणे, हे त्याचे कर्तव्य असते. आपल्या समाजात वडीलधाऱ्यांना उलट बोलू नये, असे शिकवले जाते. घरात हा संस्कार शोभतो. विमानकक्षात मात्र तो घातक ठरू शकतो.

२२ मे २०१० रोजी पहाटे दुबईहून निघालेले एअर इंडिया एक्सप्रेसचे विमान मंगळूर येथे उतरताना धावपट्टी ओलांडून पलीकडच्या दरीत कोसळले. १६६ पैकी १५८ जण मृत्युमुखी पडले. चौकशी न्यायालयाच्या अहवालात दोन गोष्टी नमूद आहेत. विमान योग्य उंचीपेक्षा वर होते आणि सहवैमानिकाने उतरणे रद्द करून पुन्हा वर जाण्याविषयी तीन वेळा सांगितले; तरी प्रमुख वैमानिकाने उतरणे चालूच ठेवले. दुसरे असे की, प्रमुख वैमानिक प्रवासात दीर्घकाळ झोपलेले होते आणि झोपेतून नुकत्याच उठलेल्या माणसाची निर्णयशक्ती मंदावलेली असते.

या दुर्घटनेतून नव्या वैमानिकाने काय घ्यावे? धोका दिसला तर हुद्दा न पाहता बोलावे; न ऐकल्यास पुन्हा, अधिक ठामपणे बोलावे आणि वेळ पडल्यास विमानाचा ताबा घेण्याचे जे प्रशिक्षण मिळाले आहे, ते आठवावे. सांगणाऱ्याला धैर्य लागते, तसे ऐकणाऱ्याला मोठेपण लागते. प्रशिक्षणात दोन्हींचा सराव करून घेतला जातो.

४. राखीव कामगिरी

आता या व्यवसायाच्या सर्वांत कमी परिचित भागाकडे वळू. विमान कंपनी दर महिन्याला प्रत्येक वैमानिकाचे कामाचे वेळापत्रक काढते. त्यात काही दिवस उड्डाणाचे, काही सुट्टीचे, तर काही राखीव असतात. राखीव दिवशी वैमानिकाला ठरलेले उड्डाण नसते. पण कोणी आजारी पडले, एखादे विमान उशिरा आले, हवामान बिघडले, तर त्याला बोलावले जाते. क्रिकेटच्या संघात बारावा खेळाडू असतो, तसेच हे. फरक एवढाच की, हा बारावा खेळाडू मैदानात उतरला नाही तर सामना थांबतो आणि प्रवासी विमानतळावर अडकून पडतात.

राखीव काम दोन प्रकारचे असते. एकात वैमानिक गणवेशासह विमानतळावरच थांबतो. हा वेळ कामाच्या वेळात धरला जातो. दुसऱ्यात तो घरी थांबतो, मात्र दूरध्वनी आला की ठरावीक अवधीत विमानतळावर पोहोचण्याची त्याची जबाबदारी असते. त्यामुळे घर कोठे आहे, याला महत्त्व येते. समजा, एखादा तरुण तमिळनाडूतील कुंभकोणमचा आहे. व्यंकोजीराजांच्या काळापासून तंजावर परिसरात स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांपैकी एखाद्या कुटुंबातला तो असेल. कुंभकोणमला विमानतळ नाही. जवळचा नागरी विमानतळ तिरुचिरापल्लीचा, तोही सुमारे ९० किलोमीटरवर. कंपनीने त्याची नेमणूक चेन्नईला केली, तर ते अंतर जवळजवळ ३०० किलोमीटर होते. राखीव दिवशी कुंभकोणमच्या घरी बसून चेन्नईचे बोलावणे स्वीकारता येणार नाही. त्याला चेन्नईतच बिऱ्हाड करावे लागेल. कुंभकोणमला १२ वर्षांनी महामहम उत्सव भरतो. मागचा २०१६ मध्ये झाला, पुढचा २०२८ मध्ये येईल. त्या दिवशी घरची सारी माणसे तलावाकाठी असतील आणि हा कदाचित चेन्नईत दूरध्वनीशेजारी बसलेला असेल. घरच्यांनाही हे आधी समजावून सांगावे लागते.

नव्या वैमानिकाला राखीव दिवस अनेकदा अधिक वाट्याला येतात. त्या दिवसांसाठी काही सवयी लावून घ्याव्यात :

• गणवेश इस्त्री केलेला आणि पिशवी भरलेली असावी. परवाना, वैद्यकीय प्रमाणपत्र, ओळखपत्र, विजेरी आणि चष्मा लागत असल्यास जादा चष्मा तिच्यात असावा.

• राखीव वेळ पहाटे चारला सुरू होत असेल, तर आदल्या संध्याकाळी लवकर झोपावे. ‘बोलावणार नाहीत’ असे गृहीत धरून जागरण करू नये.

• दूरध्वनी भारित आणि जवळ असावा. जेथे संपर्क तुटतो अशा ठिकाणी जाऊ नये.

• उड्डाणापूर्वीच्या १२ तासांत मद्यपान करण्यास मनाई आहे. उड्डाणाआधी श्वासाची तपासणी होते आणि दोषी आढळल्यास पहिल्याच वेळी ३ महिन्यांसाठी परवाना निलंबित होऊ शकतो. लग्नसमारंभातील आग्रहालाही येथे सवलत नाही.

• बोलावणे आले आणि प्रकृती ठीक नसेल, झोप झालेली नसेल, तर तसे स्पष्ट सांगावे.

शेवटची सवय सर्वांत कठीण आहे. नव्या नोकरीत ‘मला जमणार नाही’ असे म्हणताना जीभ अडखळते. वरिष्ठांचे मत वाईट होईल, बढती लांबेल, कर्जाचा हप्ता कसा भरावा, असे विचार मनात येतात. परंतु थकलेला माणूस आपण थकलो आहोत हेच नीट ओळखू शकत नाही. म्हणून ओळख पटताच बोलणे, हे त्याचे पहिले कर्तव्य ठरते.

५. विश्रांती हीसुद्धा जबाबदारी

वैमानिकाच्या थकव्याचा प्रश्न केवळ त्याच्या सदसद्विवेकावर सोडलेला नाही. किती तास उडावे आणि किती विश्रांती घ्यावी, याचे नियम आहेत. वैमानिकाने ७ दिवसांत ३५ तासांपेक्षा आणि वर्षात १००० तासांपेक्षा अधिक उड्डाण करू नये, अशी मर्यादा आहे. तास थोडे वाटतील; परंतु हे केवळ विमान चालविण्याचे तास आहेत. तयारी, तपासणी, दोन उड्डाणांमधील थांबा आणि राखीव काम यांत धरलेले नाही.

जानेवारी २०२४ मध्ये महासंचालनालयाने हे नियम अधिक कडक केले. आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ तास करण्यात आली. रात्रीचा काळ मध्यरात्री १२ ते पहाटे ५ ऐवजी ६ पर्यंत धरण्याचे ठरले आणि त्या काळात विमान उतरविण्याची मर्यादा ६ वरून २ वर आणली गेली. पहाटेच्या या प्रहरात माणसाचे शरीर निसर्गतःच झोप मागते. शेताची राखण करणारा असो, रात्रपाळीची परिचारिका असो वा मालमोटारीचा चालक, प्रत्येकाने हे अनुभवलेले असते.

हे नियम २०२५ मध्ये जुलै व नोव्हेंबर अशा दोन टप्प्यांत लागू झाले. दुसरा टप्पा सुरू झाल्यावर महिनाभरात, डिसेंबर २०२५ च्या आरंभी, देशातील सर्वांत मोठ्या इंडिगो या कंपनीची हजारो उड्डाणे रद्द झाली. ५ डिसेंबर या एका दिवशीच ती संख्या एक हजारावर गेली. लग्नाला निघालेले, मुलाखतीला निघालेले, रुग्णाला भेटावयास निघालेले असंख्य लोक विमानतळांवर ताटकळले. नव्या नियमांनुसार लागणाऱ्या वैमानिकांच्या संख्येचा अंदाज चुकला, हे कंपनीने मान्य केले. शासनाने रात्रीच्या कामाविषयीच्या काही तरतुदींतून तिला १० फेब्रुवारी २०२६ पर्यंत तात्पुरती सूट दिली.

या घटनेकडे दोन प्रकारे पाहता येते. नियमामुळे विमाने थांबली, असे कोणी म्हणेल. पण थोडा विचार केला तर दिसते की, विश्रांतीची तरतूद करून उरतील इतके वैमानिक हाताशी नव्हते, म्हणून विमाने थांबली. घरात पाहुण्यासाठी मूठभर धान्य अधिक ठेवावे, तसे कोणत्याही व्यवस्थेत थोडे मनुष्यबळ राखून ठेवावे लागते. ज्या दिवशी बोलावणे येत नाही, त्या दिवशीही राखीव वैमानिकाच्या असण्यामुळेच दुसऱ्या कोणाला आजारी पडल्यावर अंथरुणात राहता येते आणि प्रवाशाला निर्धास्त झोप घेता येते.

समारोप

वैमानिकाचे शिक्षण म्हणजे केवळ विमान उडविण्याचे शिक्षण नव्हे. निर्णय आधी घेऊन ठेवणे, चूक दिसताच बोलणे, बोलावणे येवो वा न येवो तयार राहणे आणि थकलो असता थांबणे, हे चार धडे त्यात मिळतात. रुग्णवाहिकेचा चालक, अग्निशमन दलाचा जवान, वीज मंडळाचा तारतंत्री हेही असेच सज्ज राहून वाट पाहतात. त्यांच्या कामाची किंमत त्यांनी किती धावपळ केली यावरून ठरत नाही, तर हाक येईल तेव्हा ते कोणत्या स्थितीत होते, यावरून ठरते.

शब्दार्थ

सज्जता – तयारी
विमानकक्ष – विमानातील वैमानिकांची बसण्याची जागा
सहवैमानिक – प्रमुख वैमानिकाच्या जोडीने काम करणारा दुसरा वैमानिक
निर्णायक – निकाल लावणारा
विजेरी – बॅटरीवर चालणारा हातातील दिवा
निर्धास्त – भीती किंवा काळजी नसलेला

स्वाध्याय

१. ‘एकच ढग, पण पाहणाऱ्याच्या कामानुसार त्याचा अर्थ बदलतो’, हे विधान स्पष्ट करा.
२. धावपट्टीवरील निर्णायक वेग उड्डाणाआधीच का ठरवितात?
३. मंगळूरच्या दुर्घटनेवरून नव्या वैमानिकाने कोणता बोध घ्यावा, ते तुमच्या शब्दांत लिहा.
४. राखीव दिवशी घरी थांबलेला वैमानिक कामावर आहे असे म्हणता येईल काय? सकारण उत्तर द्या.
५. तुमच्या गावातील किंवा वस्तीतील, हाक येताच धावून जाणाऱ्या एखाद्या कर्मचाऱ्याला भेटा. तो वाट पाहण्याचा वेळ कसा घालवितो, हे विचारून दहा ओळी लिहा.